न मागता टाकलेली सांबाराची जुडी

वाचकांचे प्रश्न : सायबर चोरी आणि माणसांकडून मिळणारी खबर

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कॉम्प्युटरवरून झालेल्या चोरीचा तपास करताना मी आधी माणसांशी बोलते, यंत्राकडे नंतर वळते. त्यावर बरीच पत्रं आली. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. १९८८ साली मी नागपूर पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाले. नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं गोपनीय आणि विशेष शाखेत गेली, २०२३ ला उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आता मिहानमधल्या एका लहानशा सायबर सुरक्षा कंपनीत तरुण मुलामुलींसोबत बसते. लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप ठेवलेल्या नोंदी, ते तपासतात, माणसांशी बोलायचं काम माझ्याकडे असतं.

ताई, आमचा बुटीबोरीला यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. मी आयटी बघतो. फायरवॉल, अँटिव्हायरस, मेल फिल्टर सगळं घेतलं. तरी मागच्या वर्षी एका पुरवठादाराच्या नावाने 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' अशी मेल आली आणि पैसे भलत्याच खात्यात गेले. मेल कुठून आली ते शोधलं, पण पुढे काही हाती लागेना. यात तुमच्या खबऱ्यांच्या पद्धतीचा काय उपयोग? (आयटी व्यवस्थापक, बुटीबोरी)

अगदी अशीच घटना मी हिंगण्याच्या एका कारखान्यात जवळून पाहिली आहे. तिथे ११ लाख ४० हजार गेले. मेलचा पत्ता हुबेहूब पुरवठादाराचा होता, फक्त एम या इंग्रजी अक्षराच्या जागी आर आणि एन खेटून लिहिले होते. स्क्रीनवर ते एमच वाटतात. आमच्या मुलांनी अर्ध्या तासात हे काढलं, परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत माग काढला, आणि तिथे रस्ता संपला. माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न होता. या पुरवठादाराचं बिल थकलंय, पैसे शुक्रवारी निघतात आणि त्या शुक्रवारी मोठे साहेब पुण्याला आहेत, हे चोराला सांगितलं कोणी?

अकाउंट्सची मुलगी रडून रडून थकली होती. तिला साहेबांच्या केबिनमध्ये बसवून चौघं जण विचारत होते, 'तू ती मेल नीट वाचली का नाहीस?' मी तिला कॅन्टीनच्या मागच्या पायऱ्यांवर नेलं, चहा सांगितला. मेलचं नावच काढलं नाही. महिनाभरात कोणाचे वेगळे फोन आले होते का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, 'फोन तं दिवसभर येतात मॅडम, काय आठवणार?' खरंच आहे. म्हणून मी सणावारांपासून सुरुवात केली. मारबतीच्या दिवशी काय झालं? 'त्या दिवशी मी उशिरा आली. मिरवणुकीनं रस्ते बंद होते न.' आल्या आल्या काय केलं? 'डबा ठेवला, पंखा लावला...' आणि ती थांबली. 'फोन वाजत होता मॅडम. मी यायच्या आधीपासून वाजत होता.'

तो माणूस ऑडिटरच्या ऑफिसातून बोलतोय म्हणाला होता. आवाज वयस्कर, बोलणं गोड. 'तुमच्याकडे पेमेंट सोमवारी निघते ना?' ती म्हणाली, 'नाही जी, शुक्रवारी.' 'हो हो, शुक्रवारी. आणि सही प्रत्येक बिलावर साहेबांची?' 'प्रत्येक नाही, दोन लाखांवर असलं तरच. ते गावाला असले तर मेलवर हो म्हणतात.' पाऊण मिनिटाचा फोन. कारखान्याची अख्खी तिजोरी त्यात उघडी पडली.

ही युक्ती मी चांगली ओळखते, कारण ती मी स्वतः वर्षानुवर्षं वापरली आहे. प्रश्न विचारला की माणूस सावध होतो. समोरचा चुकीचं बोलला की मात्र ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. बर्डीच्या पानठेल्यावर 'रात्री गाडी किती वाजता आली?' असं विचारलं असतं तर कोणी तोंड उघडलं नसतं. 'काल गाडी दहालाच आली म्हणे' असं सहज म्हटलं की पानठेलेवाला चुना लावता लावता म्हणायचा, 'दहाला कुठली, साडेबाराला.' तेव्हा मी कायद्याच्या बाजूने होते. आज हेच हत्यार तुमच्या अकाउंट्सच्या टेबलावर रोज चालवलं जातं, आणि त्याची एक ओळही फायरवॉलच्या लॉगमध्ये उमटत नाही.

पायऱ्यांवर बसून दिवस पुन्हा उभा करण्याची जी पद्धत मी वापरली, ती फिशर आणि गायझलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात साक्षीदारांसाठी शास्त्रशुद्ध बसवली. आधी ती जागा, ते आवाज, ती वेळ डोळ्यांपुढे आणायची, मध्ये तोडायचं नाही, मुद्द्यावर शेवटी यायचं. आमच्या जुन्या हवालदारांना त्यांची नावं माहीत नव्हती, पण 'सकाळपासून सांग बाई' हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं.

मोठ्या चोऱ्यांतही माणसांची माहितीच आधी गोळा होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर न्यूयॉर्कच्या खात्यातून फिलिपिन्समध्ये पोचले. सुरुवात झाली होती नोकरीचा अर्ज म्हणून आलेल्या साध्या मेलने, आदल्या वर्षी. आणि दिवस कसा निवडला होता बघा. गुरुवारची रात्र, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाका जागं होईपर्यंत न्यूयॉर्कचा रविवार. सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. कोण कधी घरी असतं हे ज्याला ठाऊक, त्याला निम्मं कुलूप उघडंच सापडतं.

तुम्ही काय कराल? अकाउंट्स, रिसेप्शन आणि स्टोअर या तिन्ही टेबलांवर एकेक साधी वही ठेवा. पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीसारखी: तारीख, वेळ, कोण म्हणाला, काय विचारलं. संशय यायची वाट बघायची नाही, आतली माहिती विचारणारा प्रत्येक अनोळखी फोन लिहायचा. शनिवारी कोणीतरी एकाने तिन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायच्या. हिंगण्यात आम्ही हे सुरू केलं आणि दोन महिन्यांत एकच 'ऑडिटर' तीन टेबलांवर तीन वेगळे प्रश्न विचारून गेल्याचं दिसलं. सुटा प्रश्न निरुपद्रवी होता. खाते क्रमांक बदलल्याची मेल आली तर पुरवठादाराला फोन करायचा तो जुन्या बिलावरच्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर कधीच नाही. आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, मधल्या खात्यात गोठवता आले तरच परत येतात. हिंगण्याच्या मुलीला चूक सोमवारी सकाळीच कळली होती. तिने सांगितलं बुधवारी. त्या दोन दिवसांबद्दल शेवटच्या पत्राच्या उत्तरात लिहिते.

मॅडम, मी मिहानमधल्या कंपनीत सुरक्षा विश्लेषक आहे. टेलिग्रामवर एकाने आमच्या ग्राहकांची यादी विकायला काढल्याची टीप मिळाली. नंतर तीच बातमी आणखी दोन चॅनेलवर दिसली. साहेब म्हणतात तीन ठिकाणी आलं म्हणजे खरं. मला खात्री वाटत नाही. टीप खरी की खोटी कसं ठरवायचं? (विश्लेषक, नागपूर)

तुझी शंका योग्य आहे. ती सोडू नकोस.

तीन जणांचं एकमत झालं की विश्वास ठेवावा, हा नियम फार जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेरांबद्दल नेमकं हेच सांगितलंय. पण त्याचे हेर एकमेकांना ओळखत नसत, म्हणून त्या नियमाला अर्थ होता. तुझे तीन चॅनेल एकाच विहिरीचं पाणी पाजत असतील तर ती एकच बातमी झाली. शब्द जुळवून बघ. स्पेलिंगच्या चुकाही तशाच असतील, आकडा तोच गोल असेल, तर दोघांनी पहिल्याचं उचललंय. कोणी आधी टाकलं त्याची वेळ मिनिटासकट लिहून ठेव.

मग दर्जा लाव. ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातून आलेली आणि आज नाटो देशांत चालणारी एक पद्धत आहे. बातमी आणणाऱ्याला ए ते एफ असं अक्षर द्यायचं आणि बातमीला १ ते ६ असा आकडा. ए म्हणजे पूर्ण भरवशाचा, एफ म्हणजे भरवसा ठरवताच येत नाही असा. १ म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने पक्की झालेली बातमी, ६ म्हणजे खरं-खोटं सांगता येत नाही अशी. यातली मेख अशी की दोन्ही वेगवेगळं ठरवायचं. भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकून येतो, आणि ज्याच्या शब्दाला काडीची किंमत नाही तोही कधी अस्सल बातमी देऊन जातो. आमच्या खात्यात कागदावर एकच वाक्य असायचं, 'गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली.' खात्रीलायक कोण, माणूस की बातमी, हे त्या वाक्यात कळत नाही. या एका गोंधळापायी फुकट गेलेल्या धाडी मी पाहिल्या आहेत. अनोळखी टेलिग्राम विक्रेता आज तुझ्यासाठी एफ६ आहे. तसंच लिही, साहेबांना तसंच दाखव. एफ६ म्हणजे खोटं असा अर्थ होत नाही. 'काम बाकी आहे' एवढाच त्याचा अर्थ.

काम म्हणजे नमुना तपासणं. विकणारा नेहमी चार ओळी दाखवतो. आमच्याकडे अशाच एका प्रकरणात मुलं लगेच सर्व्हर तपासायला धावली. मी त्या चार ओळींचा प्रिंट काढायला सांगितला आणि पट्टी लावून एकेक रकाना वाचला. तारखेत महिना आधी, दिवस नंतर. त्या कंपनीच्या स्वतःच्या सिस्टममध्ये दिवस आधी येतो. एका रकान्याचं नाव तर कंपनीत कोणी ऐकलंही नव्हतं. दोन दिवस फोन फिरवल्यावर कळलं की दिवाळीच्या जाहिरातीसाठी यादी घेणाऱ्या एका बाहेरच्या एजन्सीने तो रकाना स्वतः जोडला होता. चोरी तिथून झाली होती, सर्व्हरला कोणी हातही लावला नव्हता. सर्व्हर तपासत बसलो असतो तर आठवडा गेला असता.

त्यानंतर आम्ही बाहेर जाणाऱ्या प्रत्येक यादीत दोन बनावट ग्राहक घालायला लागलो. प्रत्येक एजन्सीसाठी वेगळे, त्यांचे मोबाइल नंबर आमच्याच ताब्यातले. त्या नंबरावर फोन वाजला की यादी कोणाच्या हातून फुटली ते कळतं. ही कल्पनाही जुनी आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला कॉम्प्युटरच्या हिशोबात ७५ सेंटचा फरक सापडला. तो फरक कोणा घुसखोराने वापरलेल्या वेळेचा होता. घुसखोर लवकर निघून जायचा, त्यामुळे फोन लाइनचा माग लागेना. मग स्टॉलने क्षेपणास्त्र संरक्षण प्रकल्पाच्या नावाने खोट्या फाइल्स रचल्या. त्या वाचत घुसखोर बराच वेळ थांबला आणि माग पश्चिम जर्मनीत, त्याच्या हॅनोव्हरच्या घरापर्यंत पोचला. पुढे त्या अस्तित्वातच नसलेल्या प्रकल्पाची कागदपत्रं मागणारं एक पत्रही पोस्टाने आलं. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत केजीबीला विकत होते. ७५ सेंट कोणीही सोडून दिले असते. तुला जे खटकलंय ते तसंच धरून ठेव.

एक महत्त्वाचं. विक्रेत्याशी तू स्वतः बोलू नकोस, नमुना 'विकत' घेऊ नकोस. कंपनीचा कायदा विभाग आणि सायबर पोलीस यांना आधी कळव. खरी फूट निघाली तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवण्याचं बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातलंय, ते घड्याळ कधी सुरू झालं याची नोंद ठेव.

मी कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागात, खोट्या नावाने शिरून गुन्हेगारांशी मैत्री करायची आणि त्यांचे बेत आधीच शोधून काढायचे, असं मला करायचंय. सुरुवात कशी करू? (विद्यार्थी, नागपूर)

एकट्याने, परवानगीशिवाय सुरुवात करू नको. तुझी ऊर्मी मला पटते, म्हणूनच स्पष्ट सांगते.

तुझ्या मनात आहे ते काम एफबीआयच्या कीथ मुलार्स्की यांनी केलं. चोरलेल्या कार्डांचा बाजार असलेल्या डार्कमार्केट या ठिकाणी ते 'मास्टर स्प्लिंटर' या नावाने वावरले आणि चालता चालता त्या बाजाराचे व्यवस्थापकच झाले. २००८ साली तो बाजार बंद झाला तेव्हा वेगवेगळ्या देशांत मिळून ५६ जणांना अटक झाली. पण त्या खोट्या नावामागे अख्खी यंत्रणा होती. नाव खरं वाटावं म्हणून स्पॅमरांची यादी ठेवणाऱ्या संस्थेने त्यांना कुख्यात स्पॅमर म्हणून यादीत घातलं होतं. २०१७ ला डच पोलिसांनी हान्सा हा बाजार ताब्यात घेऊन जवळपास महिनाभर स्वतः चालवला, तोही सरकारी वकिलांच्या परवानगीने.

आमच्याकडे साध्या दारूच्या अड्ड्यावर पंटर, म्हणजे आमचं बनावट गिऱ्हाईक, पाठवायचा तरी आधी पंच बोलवायचे, नोटांचे नंबर लिहून घ्यायचे, पंचनामा करायचा. मी पाठवलेला पंटर एकदा अड्ड्यावर ओळखला गेला. मागच्या गल्लीत आमचे चार जण उभे होते म्हणून तो धड घरी आला. तुझ्या मागच्या गल्लीत कोण उभं असेल? खोटी ओळख घेऊन कॉम्प्युटरवरून फसवणं आयटी कायद्याच्या ६६ ड कलमात बसतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुझा हेतू चांगला होता हे कोर्टात कोण सांगणार? आणि तिथे विश्वास मिळवायचा तर काहीतरी गुन्हा करून दाखवायला सांगतात. पहिली मागणी तीच असते.

आता करण्यासारखं सांगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॉन्टी या खंडणीखोर टोळीने युक्रेन युद्धात रशियाची बाजू घेतली आणि चिडून कोणीतरी त्यांचे आतले सुमारे ६० हजार संदेश उघड केले. संशोधकांनी त्यावर केलेली विश्लेषणं वाच. पगार, नवी भरती, रजा, वरिष्ठांबद्दलची कुरकुर, सगळं एखाद्या ऑफिससारखं आहे. कोण कोणावर नाराज आहे, कोणाचा पगार अडकलाय, कोण सोडून जायच्या बेतात आहे, याची एक वही कर. खबरी तिथूनच मिळतात, नाराजीतून. भाषा शीक, रशियन शिकलास तर तुझी किंमत फार वाढेल. आणि शेवटच्या वर्षी एखाद्या सुरक्षा कंपनीत इंटर्नशिप धर, जिथे हे काम लेखी नियमांनी चालतं.

माझा भाचा संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. लिंक्डइनवर परदेशातल्या एका बाईने त्याच्याशी ओळख केली, त्याच्या कामाची खूप तारीफ केली, आता दुप्पट पगाराची नोकरी देते म्हणते. मुलाखतीसाठी एक ॲप टाकायला सांगितलंय. तो हुरळून गेलाय. आम्ही काही म्हटलं की चिडतो. (मामा, प्रताप नगर)

ॲप टाकू देऊ नका. आजच.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याच नागपुरातून ब्रह्मोसच्या एका तरुण इंजिनियरला अटक झाली होती. कोर्टात पुढे काय ठरलं तो वेगळा विषय, पण त्या प्रकरणात पुढे आलेली पद्धत तुमच्या भाच्याच्या गोष्टीशी जुळते: बाईच्या नावाचं बनावट प्रोफाइल, परदेशी नोकरी आणि लॅपटॉपवर टाकायला दिलेली ॲप्स. २०२० साली संशोधकांनी उत्तर कोरियाशी जोडलेल्या टोळीची अशीच मोहीम उघड केली, तिला नावच 'ऑपरेशन ड्रीम जॉब' पडलं. संरक्षण आणि विमान कंपन्यांतले लोक तिचं लक्ष्य होते.

हेर हा शब्द हेरण्यावरून समजून घ्या. आधी माणूस हेरायचा, मग पारखायचा, मग घसट वाढवायची, आणि काम सगळ्यात शेवटी सांगायचं. माणसाला वळवायचे मार्ग चार: पैसा, विचार, दबाव आणि मोठेपणा. तुमच्या भाच्यावर मोठेपणाचा आणि पैशाचा, असे दोन एकदम चालू आहेत. म्हणून 'तुला फसवतायत' म्हटलं की त्याला ऐकू येतं, 'तुझी तेवढी लायकी नाही.' तो चिडणारच. त्याला असं म्हणा: 'तू महत्त्वाच्या जागी आहेस म्हणूनच त्यांनी तुला निवडलं.' हे खरंच आहे, आणि ते तो ऐकून घेईल. मग त्याला एकच परीक्षा करायला लावा. त्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरचा फोन नंबर स्वतः शोधायचा आणि ही बाई तिथे आहे का, ते विचारायचं. चॅट पुसू नये, ब्लॉकही करू नये, उत्तर देणं थांबवावं. सगळे स्क्रीनशॉट घेऊन कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे त्याने स्वतःच्या पायांनी जावं. आज गेला तर तो सावध कर्मचारी ठरेल. ॲप टाकल्यावर गेला तर त्याला फार गोष्टी समजावून सांगाव्या लागतील. मामा म्हणून तुम्ही गेटपर्यंत सोबत जा.

आम्ही दर महिन्याला कर्मचाऱ्यांना खोटी फसवी मेल पाठवून चाचणी घेतो. तीनदा क्लिक करणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावतो. क्लिक निम्म्यावर आले. पण आधी लोक 'ही मेल बघा, संशय येतो' असं कळवायचे, ते जवळपास बंद झालं. असं का होत असावं? (एचआर प्रमुख, सदर)

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

नव्वदच्या दशकात कॉटन मार्केटमध्ये एक भाजीवाली मावशी माझी बातमीदार होती. आमची खूण ठरलेली. मी भाजी घ्यायची, आणि तिने न मागता सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पिशवीत टाकली की समजायचं, आज काहीतरी आहे. मग संध्याकाळी ती घरी जाताना वाटेत भेटायची. तिच्यामुळे आम्ही चोरीच्या मालाची एक मोठी साखळी धरली. बदल्यात तिला पैसे नको होते. भाचा चांगल्या मार्गाला लागावा एवढंच मागणं होतं.

मग एका प्रकरणात तिची बातमी चुकली. गोदाम रिकामं निघालं. वरिष्ठांचा पारा चढला. त्यांनी भर दुपारी मार्केटमध्ये जीप पाठवली, तिला सगळ्यांसमोर बसवून ठाण्यात आणलं आणि खोटी बातमी का दिलीस म्हणून दोन तास उभं ठेवलं. मी त्या दिवशी बंदोबस्तावर होते. संध्याकाळी कळलं तशी मी धावत गेले. ती गाठोडं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, 'बाई, आता माह्याकडं भाजीले बी येऊ नोको.' त्यानंतर त्या मार्केटमधून मला कोणीच काही सांगितलं नाही. तिनेच नाही, कोणीच नाही. सगळ्यांनी जीप पाहिली होती.

पोलिसाला खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती कोर्टही करू शकत नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यातच १२५ व्या कलमात ते लिहिलं होतं. इंग्रजाला समजलं होतं की बातमी आणणारा माणूस उघडा पडला की बातमी आटते. तुमच्या नोटीस बोर्डावर तीच जीप रोज उभी आहे. क्लिक कमी झाले ते शहाणपण वाढल्याने झाले असतीलही. पण तक्रारी बंद झाल्या त्या भीतीने. आणि हल्ला झाला की तुम्हाला पहिली गरज लागणार आहे ती ज्याच्या हातून क्लिक झालं त्याची. लॉग दोन तासांनी बोलेल, तो माणूस दोन मिनिटांत सांगू शकतो, जर त्याला सांगावंसं वाटलं तर. हिंगण्याची मुलगी सोमवारपासून बुधवारपर्यंत गप्प राहिली ती याच कारणाने. तिच्या ऑफिसातही भिंतीवर एक यादी होती. त्या दोन दिवसांत पैसे चौथ्या खात्यापर्यंत गेले.

उलट बाजूचं उदाहरण देते. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत नेवाडातल्या टेस्लाच्या एका कर्मचाऱ्याला येगोर क्रियुचकोव्ह या रशियन माणसाने गाठलं. आधी फिरायला नेलं, खाणंपिणं केलं, आणि मग कंपनीच्या नेटवर्कमध्ये एक प्रोग्राम सोडण्यासाठी १० लाख डॉलरपर्यंत देऊ केले. कर्मचाऱ्याने सरळ कंपनीला सांगितलं, कंपनीने एफबीआयला. पुढच्या भेटी एफबीआयच्या नजरेखाली झाल्या आणि क्रियुचकोव्ह पकडला गेला. कोणत्याही यंत्राने हा हल्ला ओळखला नसता, कारण तेव्हा कॉम्प्युटरला अजून कोणी शिवलंही नव्हतं. त्या माणसाला सांगायला जागा होती आणि सांगितल्याने आपलं वाईट होणार नाही असं त्याला वाटत होतं.

उद्या सकाळी ऑफिस भरायच्या आधी ती यादी तुम्ही स्वतःच्या हाताने काढा. चाचणी चालू ठेवा, पण मोजा ते किती जणांनी कळवलं आणि किती मिनिटांत कळवलं. क्लिक करून दहा मिनिटांत सांगणारा पास समजा. कळवण्यासाठी एक फोन नंबर ठेवा, तिथे हसून बोलणारं माणूस बसवा, आणि ते माणूस एचआरचं नको. मग यादीतल्या प्रत्येकाला एकेकट्याने भेटा, केबिनमध्ये नाही, त्यांच्या टेबलाशी किंवा चहाच्या टपरीवर. माफी मागा. आणि विचारा की त्या मेलमध्ये नेमकं काय होतं, ज्यामुळे ती खरी वाटली. कोणी म्हणेल पगाराची तारीख जवळ होती, कोणी म्हणेल मुलाच्या शाळेचं नाव होतं. ते शब्दाला शब्द लिहून घ्या, आणि जमल्यास नावं गाळून मला पाठवा.